बिल पास करण्याआधी : कारखान्यांच्या मूळ मालकांना खुले पत्र

प्रति,
मूळ मालक (ज्यांच्या कारखान्यात ठेकेदाराची माणसं काम करतात ते), प्लांट हेड, मनुष्यबळ विभाग आणि लेखा विभागाचे प्रमुख,
चाकण, रांजणगाव, वाळूज, शेंद्रा, सातपूर, अंबड, तळोजा, बुटीबोरी आणि महाराष्ट्रातल्या इतर औद्योगिक वसाहती

विषय : कंत्राटी कामगारांच्या पगारातली गळती

महोदय / महोदया,

कंत्राटी कामगार पगाराची तक्रार घेऊन एचआरच्या खिडकीशी आला की त्याला ठरलेलं उत्तर मिळतं, "तू आमच्या रोलवर नाहीस, ठेकेदाराला विचार." ठेकेदाराला विचारलं तर तो म्हणतो, "कंपनीने बिल अडवलंय." तिसऱ्यांदा विचारलं की सुपरवायझरचा फोन येतो आणि दुसऱ्या दिवशी गेट बंद होतं.

आम्ही कंत्राटी कामगारांच्या पगारपत्रकांचे, पासबुकांचे आणि पीएफच्या नोंदींचे कागद एकमेकांशी ताडून पाहण्याचं काम करतो. त्या कामातून एक गोष्ट पक्की कळली आहे. पगार कुठे गळतो हे शोधायला ठेकेदाराच्या ऑफिसात जावं लागत नाही. गेटचं पंचिंग तुमचं आहे. लाइनवर कोण कुठल्या मशीनवर उभा होता त्याची नोंद तुमची आहे. ठेकेदाराचं बिल तुमच्या टेबलावर येतं आणि त्याला जोडलेलं पीएफचं चलन तुमच्याच फायलीत लागतं. हे कागद शेजारी शेजारी ठेवले की सगळं दिसतं. ते कोणी ठेवत नाही, म्हणून हे पत्र तुम्हाला.

"आमचा संबंध नाही" हे उत्तर कायद्यात कधीच बसत नव्हतं. कंत्राटी कामगार कायदा १९७० चा. त्याच्या कलम २१ मध्ये स्पष्ट लिहिलं होतं की ठेकेदाराने पगार दिला नाही किंवा कमी दिला, तर पूर्ण पगार किंवा उरलेला फरक मूळ मालकाने द्यायचा आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचा. त्याच कलमात पगारवाटपाच्या वेळी मूळ मालकाचा माणूस हजर राहून सही करेल असंही होतं. पगार बँकेत जमा व्हायला लागले आणि ती सही हळूहळू नाहीशी झाली, जबाबदारी मात्र तशीच राहिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहितेच्या कलम ५५ मध्ये हीच जबाबदारी पुन्हा आली आहे. पीएफचं तर १९५२ च्या योजनेपासून परिच्छेद ३० मध्ये लिहिलेलं आहे की ठेकेदारामार्फत लावलेल्या माणसांचीही दोन्ही बाजूंची वर्गणी भरण्याची जबाबदारी मूळ मालकाची. ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) नियमही तोच : आधी मूळ मालकाने भरायचं, मग ठेकेदाराकडून वळतं करून घ्यायचं.

आता गळती सुरू कुठून होते ते पाहू. ठेकेदार लबाड आहे म्हणून ती सुरू होते असं सगळे धरून चालतात. काही ठेकेदार लबाड असतातच. पण बहुतेक ठिकाणी तिचं मूळ तुमच्या खरेदी विभागाने काढलेल्या निविदेत असतं.

मनुष्यबळाच्या निविदेत किमान वेतन, पीएफ, ईएसआय, बोनस, रजा हे सगळं ठरलेलं असतं. ते कोणीही बदलू शकत नाही. मग स्पर्धा कशावर होते? सर्व्हिस चार्जवर, म्हणजे ठेकेदाराच्या स्वतःच्या मोबदल्यावर. एकजण ५ टक्के भरतो, दुसरा ३, तिसरा १, आणि काम १ टक्केवाल्याला मिळतं. त्यात बिलाचे पैसे ४५ किंवा ६० दिवसांनी द्यायची अट असते. एक हिशोब मांडतो, आकडे समजायला सोपे घेतले आहेत. १०० माणसं, माणशी सगळं धरून २०,००० रुपये, म्हणजे महिन्याला २० लाख. पगार सातव्या तारखेपर्यंत द्यायचा, पीएफ आणि ईएसआय पंधराव्या तारखेपर्यंत भरायचं आणि तुमचे पैसे येणार ६० दिवसांनी. ठेकेदाराचे कायम ४० लाख अडकलेले. ते त्याने महिना दीड टक्क्याने उचलले तर व्याज ६०,००० रुपये. त्याचा सर्व्हिस चार्ज ३ टक्के असेल तर त्याची कमाईही ६०,००० रुपयेच. म्हणजे ऑफिसचं भाडं, सुपरवायझर, कारकून, जीएसटीचं काम, सगळं शून्यातून चालवायचं. १ टक्क्याने काम घेतलेला दर महिन्याला ४०,००० च्या खड्ड्यात असतो.

हा खड्डा भरायला त्याच्याकडे एकच जागा आहे आणि ती म्हणजे त्या १०० माणसांचा पगार. १ टक्क्याच्या निविदेवर सही करणाऱ्याला हे कळत नसेल असं आम्हाला वाटत नाही. पुरवठादारांचे दर घासाघीस करून आणणारी माणसं आकड्यांत कच्ची नसतात.

गळतीची सर्वात मोठी जागा ओटी, म्हणजे जादा तासांचे पैसे. बारा तासांची ड्युटी अनेक लाइनवर इतकी रुळली आहे की जाहिरातीतच "बारा तास, जेवण फ्री" असं लिहितात. जादा तासाला दुप्पट दर हा नियम १९४८ च्या कारखाना कायद्यात होता आणि नव्या संहितेतही आहे. मूळ पगार आणि विशेष भत्ता मिळून १३,००० रुपये धरा. २६ ने भागले की दिवसाचे ५००, आठने भागले की तासाचे ६२ रुपये ५० पैसे, दुप्पट १२५. रोज चार तास जादा, २५ दिवस, म्हणजे १०० तास. दुप्पट दराने १२,५०० रुपये होतात, एकेरी दराने ६,२५०. कामगाराच्या हातात एकेरीच पडतात. काही ठिकाणी तर खाड्याचे पैसे कापताना महिना २६ दिवसांचा धरतात आणि ओटी देताना ३० चा. ३० ने भागले की तासाचा दर ६२.५० वरून ५४.१७ वर येतो. प्रत्येक तासामागे आठ रुपये ३३ पैसे, कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

हे लपतं कसं, ते महत्त्वाचं आहे. जादा तासांना तिमाहीची मर्यादा असते. ती पूर्वी ५० तास होती, पुढे महाराष्ट्राने ती वाढवत नेली, पण महिन्याला १०० तास कुठल्याच मर्यादेत बसत नाहीत. म्हणून हे तास मस्टरवर (हजेरीपटावर) लिहिताच येत नाहीत. मस्टरवर आठ तास दिसतात आणि उरलेल्या चार तासांचे पैसे "प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह", "अटेंडन्स अलाउन्स", "कन्व्हेयन्स" अशा नावांनी येतात. नाव बदललं की दुप्पट दराचा प्रश्न मिटतो. ईएसआयच्या जुन्या कायद्यात वर्गणी ओटीवरही भरायची होती, तीही अशी चुकवता यायची. वेतन संहितेने भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायला सांगितलं आहे. त्यामुळे भत्त्यांची ही खिरापत आता पूर्वीइतकी सोपी राहिलेली नाही. पण मूळ पुरावा तुमच्याकडेच आहे. माणूस सकाळी ७ वाजता आत आला आणि संध्याकाळी ७ वाजता बाहेर पडला हे तुमच्या गेटच्या मशीनला माहीत आहे. ठेकेदाराचं मस्टर आठ तास म्हणत असेल तर दोन्हींतलं एक खोटं आहे आणि तुमचं मशीन खोटं बोलत नाही.

ओटीनंतर पीएफ. इथे थोडं बारकाईने पाहावं लागतं, कारण चोरी एका छोट्याशा रकान्यात बसलेली असते. ठेकेदार दर महिन्याला पीएफच्या पोर्टलवर ईसीआर नावाची यादी चढवतो. त्यात प्रत्येक माणसाचा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक), एकूण वेतन, पीएफचं वेतन, पेन्शनचं वेतन, दोन्ही बाजूंची वर्गणी आणि "एनसीपी डेज" असे रकाने असतात. एनसीपी म्हणजे ज्या दिवसांचा पगार नाही ते दिवस. कामगार २६ दिवस कामावर होता, पगारपत्रकात २६ दिवस आहेत, १३,००० वर १२ टक्क्यांनी १,५६० रुपये कापलेही आहेत. पण ईसीआरमध्ये त्याच माणसासमोर एनसीपी ८ आणि पीएफचं वेतन ९,००० लिहिलेलं असतं. भरणा झाला १,०८० चा. कामगाराचे ४८० रुपये गेले. मालकाच्या हिश्शाचे म्हणून तुमच्याकडून बिलात १,५६० घेतले होते, तिथेही १,०८० च भरले, म्हणजे तुमचेही ४८० गेले. माणशी ९६०, शंभर माणसांमागे ९६,००० महिन्याला. वरच्या हिशोबातला व्याजाचा खड्डा इथे पुरता भरून निघतो आणि वर काही उरतंही.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. एनसीपीचे दिवस पेन्शनच्या सेवेतून वजा होतात. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. जो माणूस एकही खाडा न करता राबला, त्याच्या नावावर वर्षाला तीन-तीन महिने गैरहजेरी चढते आणि हे त्याला कळतं ते पैसे काढायला जातो तेव्हा.

तुमच्या फायलीत जे चलन लागतं त्यात फक्त एकूण रक्कम असते. ते चलन खरं असतं, पण कोणासाठी ते त्यावर लिहिलेलं नसतं. तीन कंपन्यांत माणसं देणारा ठेकेदार एकाच चलनाची प्रत तिन्हीकडे जोडू शकतो. म्हणून चलन पुरत नाही, नावानिशी ईसीआर मागा. चलनावरचा टीआरआरएन (त्या भरण्याचा) क्रमांक पीएफच्या संकेतस्थळावर टाकून भरणा झाला की नाही ते पाहता येतं. मूळ मालकाला आपल्या ठेकेदारांचा भरणा बघण्याची सोय पोर्टलवर आहे. एक गोष्ट आणखी : काही पगारपत्रकांत मालकाचा १२ टक्के हिस्साही कामगाराच्याच पगारातून वजा केलेला असतो, "सीटीसी" (कंपनीला माणसामागे पडणारा एकूण खर्च) या नावाखाली. किमान वेतनाच्या माणसाला सीटीसी लावून मालकाचा हिस्सा कापणं सरळ बेकायदा आहे. पगारपत्रकात पीएफची वजावट २४ किंवा २५ टक्के दिसली तर पुढचं काही तपासायची गरज नाही, बिल तिथेच थांबवा.

लहान कपातींची यादी करायला बसलो तर पत्र संपणार नाही, तरी काही सांगायलाच हव्यात. सेफ्टी शूज, हेल्मेट, हातमोजे यांचे पैसे पगारातून कापता येत नाहीत, ती मालकाने फुकट द्यायची वस्तू आहे. एका खाड्याला दोन दिवसांचा पगार कापण्याची पद्धत सर्रास चालते. कायदा म्हणतो, जितकी गैरहजेरी तितकीच कपात. दंड करायचा तर आधी माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, तो महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही आणि तो पैसा कामगारांच्याच कामी लावावा लागतो, ठेकेदाराच्या खिशात जात नाही. व्यवसाय कर : महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० रुपये वेतनापर्यंत तो माफ आहे, तरी बायकांच्या पगारातून २०० रुपये जातात, कारण सॉफ्टवेअरमध्ये स्त्री-पुरुष असा रकानाच भरलेला नसतो. पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत १९८३ च्या कायद्याने ५ टक्के घरभाडे भत्ता द्यायचा आहे. तुमच्याकडच्या बिलात तो आहे आणि पगारपत्रकात नाही, असं होतं का ते बघा. किमान वेतनाचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत बदलतो. बिलात नवा दर जानेवारीपासून लागतो आणि कामगाराला मार्च-एप्रिलपासून. मधल्या फरकाचं काय झालं हे कोणी विचारत नाही.

आणि एटीएम कार्डं. पगार बँकेत पूर्ण जमा होतो, तुमच्या ऑडिटमध्ये सगळं हिरवं दिसतं. पण खातं उघडलं त्या दिवशीच कार्ड आणि पिन सुपरवायझरने घेतलेलं असतं. तो एकाच दिवशी एकाच मशीनवर रांगेने वीस-पंचवीस कार्डं घालतो, प्रत्येकातून ठरलेली रक्कम काढतो आणि उरलेले पैसे पाकिटातून वाटतो. कार्ड कामगाराकडे असेल तर त्याने पगाराच्या दुसऱ्या दिवशी दोन-तीन हजार रोख परत आणून द्यायचे असतात. परप्रांतातून आलेल्या, ठेकेदाराच्याच खोलीवर राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे जास्त चालतं, कारण कामाबरोबर खोलीही जाण्याची भीती असते. कागदावर हे कधीच दिसणार नाही. ते माणसाला विचारूनच कळतं, तेही ठेकेदाराचा कोणी आसपास नसताना.

आता प्रेस शॉपकडे या. पगाराच्या पत्रात मशीन कुठून आलं असं वाटेल, पण संबंध सरळ आहे.

बिलात ज्या माणसाचा दर "ऑपरेटर, कुशल" असा लावलेला असतो तो पगारपत्रकात "हेल्पर, अकुशल" असतो. दरातला फरक ठेकेदाराकडे राहतो. प्रत्यक्षात तो मुलगा असतोही हेल्परच, पंधरा दिवसांपूर्वी आलेला, आणि त्याला पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर) उभं केलेलं असतं. ड्युटीचा अकरावा तास चालू असतो. ताशी स्ट्रोकचं टार्गेट समोर लिहिलेलं असतं. दोन हातांची बटणं मुद्दाम अशी दिलेली असतात की दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय रॅम (वरून दाबणारा जड भाग) खाली येऊ नये. त्यातलं एक बटण चिकटपट्टीने किंवा लाकडाच्या पाचरीने कायमचं दाबून ठेवलेलं आढळतं. मग डावा हात जॉब (दाबायचा तुकडा) सरकवायला मोकळा होतो, टार्गेट पूर्ण होतं आणि तोच डावा हात डायमध्ये (साच्यात) जातो.

याला कामगाराचा निष्काळजीपणा म्हणू नका. सुरक्षित सर्किट असलेल्या प्रेसमध्ये एक बटण दाबून ठेवलं तर प्रेस चालतच नाही. दोन्ही बटणं साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबली गेली पाहिजेत आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सुटली पाहिजेत, अशीच त्याची रचना असते. पाचर मारून प्रेस चालते याचा अर्थ तुम्ही साधं स्विच बसवलं आहे किंवा सर्किट बायपास केलं आहे.

लाइट कर्टन म्हणजे हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा. त्याबद्दलही एक गैरसमज आहे. जुन्या, पिन किंवा की क्लचच्या यांत्रिक प्रेसवर लाइट कर्टन बसवून काही उपयोग नाही. तो क्लच एकदा अडकला की रॅम पूर्ण फेरी करूनच थांबतो, किरण तुटला तरी मध्ये थांबू शकत नाही. अशा प्रेसला हात शिरूच शकणार नाही असं पक्कं गार्ड लागतं आणि जॉब ठेवायला चिमटा किंवा स्लाइड. याच प्रेस झिजलेली की, ढिली स्प्रिंग किंवा घासलेला ब्रेक लायनर असला की पॅडल सोडल्यावरही दुसरा स्ट्रोक मारतात. माणूस जॉब काढायला हात घालतो आणि रॅम पुन्हा खाली येतो. हवेच्या क्लचच्या प्रेसवर कर्टन चालतो, पण अंतर मोजून लावावा लागतो. हात सेकंदाला दोन मीटर वेगाने पुढे जातो असं धरतात. प्रेसला थांबायला ०.२ सेकंद लागत असतील तर कर्टन डायपासून निदान ४० सेंटीमीटर लांब हवा. जागा नाही म्हणून १५ सेंटीमीटरवर लावलेला कर्टन दिवा दाखवतो, बोटं वाचवत नाही. पॅडलवर झाकण आणि डाय सेट करताना रॅमखाली सेफ्टी ब्लॉक, या दोन गोष्टी तर सर्वात स्वस्त आहेत.

बोट गेल्यावर काय होतं? नेमणुकीपासून दहा दिवसांत ईएसआयची नोंदणी व्हायला हवी. ती अपघाताच्या दिवशी दुपारी केली जाते किंवा केलीच जात नाही आणि माणसाला खाजगी दवाखान्यात नेऊन "घरी पडला" असं लिहून घेतात. नोंदणी वेळेवर असती तर कामावरच्या दुखापतीला पहिल्या दिवसापासून वेतनाच्या ९० टक्के भरपाई मिळते, वर्गणीच्या दिवसांची कसलीही अट नसते. कायमचं अपंगत्व राहिलं तर जन्मभर मासिक रक्कम मिळते. पण तीही दाखवलेल्या वेतनावरच मोजतात. मस्टरवर आठ तास आणि हेल्परचा दर लिहिलेला असेल तर तुटलेल्या हाताची भरपाईही तेवढीच. पगारातली चोरी अशी आयुष्यभर मागे लागते.

पाणी, संडास आणि कँटीनबद्दल फार लिहीत नाही, ते तुम्हाला रोज दिसतं. कंत्राटी कामगारांच्या या सोयी नव्या संहितेत थेट मूळ मालकाच्या अंगावर आहेत, ठेकेदारामार्फत नाही. लाइनवरच्या बायकांना टॉयलेट पाससाठी थांबवून ठेवणं आणि त्याचे मिनिट मोजणं आजच्या आज बंद करता येईल. त्याला कुठलंही बजेट लागत नाही.

एचआरमधल्या मंडळींची एक खरी अडचण आहे, ती आम्हाला समजते. त्यांना वाटतं की ठेकेदाराच्या पगारवाटपात लक्ष घातलं तर उद्या कोर्टात करारच बोगस ठरेल आणि सगळे कामगार कायम करा म्हणतील. २००१ च्या स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंत्राट नुसतं मुखवटा असेल तर ते कामगार मूळ मालकाचेच ठरतात. ही भीती तिथून आलेली आहे. पण मुखवटा ठरतो तो तुमचा सुपरवायझर त्यांना काम सांगतो, रजा तुमचा मॅनेजर मंजूर करतो, कोणाला काढायचं ते तुमचा प्लांट हेड ठरवतो, यामुळे. ते सगळं तर तुम्ही रोज करता. पगार पूर्ण मिळाला का ते तपासणं हे कायद्याने तुमच्यावर टाकलेलं काम आहे. त्याचा करार बोगस ठरण्याशी काही संबंध नाही.

तेव्हा करायचं काय? दर महिन्याच्या बिलासोबत ठेकेदाराकडून चार कागद घ्या : नावानिशी पगारपत्रक, बँकेचा जमा अहवाल, ईसीआर आणि ईएसआयची नावानिशी यादी. आपल्याकडचं गेटचं पंचिंग काढा. शंभरातली दहा नावं निवडा. ती ठेकेदाराला नाही, तुम्हाला निवडायची आहेत आणि दर महिन्याला वेगळ्या लाइनची. प्रत्येक नावासमोर पाच आकडे लिहा : गेटवरचे तास, पगारपत्रकातले तास, बँकेत जमा रक्कम, पीएफचं वेतन, एनसीपीचे दिवस. लेखा विभागातल्या माणसाला यासाठी अर्धा दिवसही लागत नाही. दहातलं एक जरी जुळलं नाही तर शंभरही तपासा आणि फरक कामगाराच्या खात्यात थेट जमा करून बिलातून वळता करा. त्या दहाजणांना शिफ्टच्या वेळात, पगार न कापता, बाजूला बोलावून दोनच प्रश्न विचारा : एटीएम कार्ड कोणाकडे आहे आणि पगारानंतर रोख परत द्यावी लागते का. उत्तर देणाऱ्याचं नाव ठेकेदारापर्यंत जाणार नाही याची काळजी घ्या. एकदा जरी ते गेलं तर पुढे कोणी खरं बोलणार नाही.

निविदेत दोन बदल करा. सर्व्हिस चार्जला खालची मर्यादा घाला, तिच्या खालची निविदा उघडताच बाद. आणि पगाराचा भाग सर्व्हिस चार्जपासून वेगळा करून पाचव्या तारखेपर्यंत ठेकेदाराला द्या. साठ दिवसांची उधारी हवीच असेल तर ती सर्व्हिस चार्जवर ठेवा. ज्या पैशाने माणसाचं घर चालतं तो पैसा तुमचं खेळतं भांडवल होऊ शकत नाही.

ठेकेदार बदलताना मात्र विशेष लक्ष द्या. माणसं तीच, मशीन तेच आणि एक एप्रिलला गेटपासवरचं ठेकेदाराचं नाव तेवढं बदलतं. जुना ठेकेदार शिल्लक रजा, बोनस आणि शेवटच्या महिन्याचा ओटी बुडवून निघून जातो. नवा ठेकेदार घाईत नवीन यूएएन काढतो, त्यामुळे पीएफची सेवा दोन तुकड्यांत पडते. काम संपल्यावर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशोब चुकता करायचा असं वेतन संहिता सांगते. जुन्या ठेकेदाराचं शेवटचं बिल आणि अनामत रक्कम तोपर्यंत रोखून ठेवा, जोपर्यंत प्रत्येक नावासमोर रजेचे पैसे, बोनस, ओटीचा फरक आणि पीएफच्या पोर्टलवर काम सोडल्याची तारीख भरलेली दिसत नाही. अनुभवाचा दाखला मागितल्यावर द्यायची जबाबदारी ठेकेदाराची आहे, तोही त्याच वेळी घ्या. नव्या ठेकेदाराला जुनेच यूएएन द्या. आणि तुमच्या गेटपासच्या नोंदीत प्रत्येक माणसाची या कारखान्यात पहिल्यांदा आल्याची तारीख कायम ठेवा, ठेकेदार कितीही बदलले तरी.

या महिन्याचं बिल अजून टेबलावर असेल तर त्यातली पहिली दहा नावं आजच काढा.

आपले,
कंत्राटी कामगारांच्या पगाराचे कागद तपासणारे कार्यकर्ते

प्रत माहितीसाठी : कामगार आयुक्त, महाराष्ट्र राज्य, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय